कोसहून निसिरोस: एका दिवसाची सहल की मुक्काम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या मध्यावर तुम्ही पाच जण, म्हणजे तुम्ही दोघं, चौदा आणि दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई, ग्रीसमधल्या कोस बेटावर सहा रात्री राहणार आहात. शेजारच्या निसिरोस बेटावर जागृत ज्वालामुखी आहे आणि तो दाखवायला कोसहून सहलीच्या बोटी जातात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तेवढं पुरे की तिथे राहावं? राहिलो तर करायचं काय, कारण तिथले किनारे काही खास नाहीत असं तुम्ही वाचलंय. शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या व तुम्ही, दोघी शाकाहारी आहात.

मी मुळात भूशास्त्र शिकलेली. पुढे लहान लहान गटांना ज्वालामुखींच्या मुलखात फिरवणं हाच व्यवसाय झाला, आणि एजियन समुद्रातली बेटं हा त्यातला माझा आवडता भाग. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

दिवस किती द्यावे हे नंतर ठरवता येईल. आधी हे बघा की तुम्ही बेटावर कुठल्या वेळी असणार. सहलीच्या बोटी साधारण दहा-अकराच्या सुमारास मंद्राकीच्या, म्हणजे निसिरोसच्या बंदराच्या गावाच्या, धक्क्याला लागतात. समोर बस उभ्या असतात. त्या थेट विवराशी नेतात, तासभर मोकळं सोडतात, परत गावात आणतात, आणि जेवण-भटकणं उरकून चारच्या आसपास बोट सुटते. म्हणजे विवराच्या तळाशी, जिथे सावली औषधालाही नाही, तुम्ही बरोबर टळटळीत उन्हात पोहोचता, आणि सगळ्या बोटींची माणसं त्याच तासात तिथे असतात. कड्यावरची दोन गावं, निकिया आणि एम्बोरिओस, बहुतेक सहलींत नसतातच. बोटी गेल्या की बेट एकदम आपल्या माणसांचं होतं. राहणाऱ्याला जे मिळतं ते त्यानंतर.

म्हणून माझं मत दोन रात्रींचं. पण हे सरसकट लागू नाही. कोसचं हॉटेल पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर घेऊन झालं असेल, तर दोन रात्रींचे दुप्पट पैसे मोजायचे की नाही हे तुम्हीच ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो आणि मंद्राकीचा धक्का उत्तरेलाच उघडा आहे. सप्टेंबरात तो जोर ओसरत जातो, तरी एखाद्या दिवशी बोट रद्द होऊ शकते. आणि सासूबाईंना बोट लागत असेल तर मुक्काम जास्तच सोयीचा, कारण एका दिवसात दोनदा समुद्र ओलांडावा लागत नाही. एकच रात्र जमत असेल तर एक घ्या. एका रात्रीतही संध्याकाळ आणि सकाळ हाती लागते, आणि या बेटावर त्याच दोन वेळांना किंमत आहे.

आता ज्वालामुखीबद्दल, कारण गावं, किनारे आणि दंतकथा सगळ्याचं मूळ तिथेच आहे. आपण काळ्या दगडातच वाढलेली माणसं, त्यामुळे लाव्हा म्हटलं की डोळ्यांसमोर सह्याद्रीचे आडवे थर येतात. आपला लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून आला, पातळ होता, पसरत गेला, थरावर थर चढले. निसिरोसचं सगळंच वेगळं. तिथे आफ्रिकेचं भूपट्ट एजियनच्या खाली सरकतंय, त्यातून तयार होणारा शिलारस घट्ट आणि वायूने भरलेला असतो. तो पसरत नाही, फुटतो. वयाच्या मानाने तर हे बेट परवाचं पोर आहे, दीड लाख वर्षांच्या आसपासचं.

बेट जवळजवळ गोल, आठेक किलोमीटर रुंद, ४१ चौरस किलोमीटर. म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर. स्फोटांनंतर त्याचा माथा खचला आणि मध्ये साधारण चार किलोमीटर व्यासाची परात तयार झाली, तिला कॅल्डेरा म्हणतात. पुढे तिचा पश्चिमेकडचा भाग घट्ट लाव्हाच्या घुमटांनी भरून गेला. त्यातला प्रोफितिस इलियास ६९८ मीटर उंच आहे, बेटावरचा सर्वांत उंच. उरलेल्या भागात लक्की नावाचं सपाट मैदान आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला स्टेफानोस हे विवर, ज्यासाठी सगळी दुनिया येते. तीनशे मीटरहून लांब, सत्तावीस मीटर खोल, तळ राखाडी-पिवळा आणि जागोजागी वाफा.

एक गैरसमज आधीच दूर करते, नाहीतर मुलं हिरमुसतील. आत लाल रस उकळताना दिसणार नाही. लिखित इतिहासात निसिरोसवर लाव्हा बाहेर आलेला नाही. ही विवरं वाफेच्या स्फोटांनी झालेली आहेत: जमिनीत मुरलेलं पाणी खालच्या उष्णतेने तापतं, दाब साठतो आणि एक दिवस वरची जमीनच उडते. १८७१ ते १८७३ या काळात, मग १८८७ आणि १८८८ मध्ये असे स्फोट झाले, चिखल आणि दगड उडाले. स्टेफानोसजवळची पोलिव्होटिस ही छोटी विवरं त्या काळातली आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भूऔष्णिक विजेसाठी इथे दोन खोल विहिरी खणल्या. दीड किलोमीटरच्या खाली तापमान ३०० अंशांच्या वर निघालं. गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकल्प बारगळला. १९९६-९७ मध्ये भूकंपांनी मंद्राकीतल्या घरांना तडे गेले, आणि २००१ मध्ये लक्कीच्या मैदानात एक लांबलचक भेग पडली. थोडक्यात, बेट झोपलेलं आहे, पण कूस बदलतं. उपकरणांनी त्याच्यावर लक्ष ठेवलं जातं, आणि जायला घाबरण्यासारखं काही नाही. फक्त विवरात उतरणं बंद असल्याची पाटी किंवा दोरी दिसली, तर वाद न घालता वरूनच बघायचं.

विवरात जायची वेळ सकाळची. बसच्या आधी, जमलं तर आठ-साडेआठपर्यंत तिथे पोहोचा. तेव्हा हवा थंड असते म्हणून वाफा नुसत्या ऐकू येत नाहीत, दिसतातही. प्रवेशाचे काही युरो लागतात. वरच्या काठावर छोटं कॅफे आहे, सासूबाईंना तिथे बसवा. काठावरून सगळं विवर दिसतं, त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही आणि मुलं नागमोडी पायवाटेने पाच-दहा मिनिटांत तळाशी उतरता. खाली गेल्यावर एखादं वाफेचं भोक जरा लांबून, वाकून बघा. कडेला गंधकाचे सुयांसारखे स्फटिक जमलेले असतात, लिंबाच्या सालीच्या रंगाचे, आणि आतून प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसला आवाज. वाफ शंभर अंशांच्या घरात असते. बोट घालू नका, स्फटिक तोडू नका, आणि पांढुरक्या, ओलसर, पोकळ वाजणाऱ्या जागेवर पाय ठेवू नका, कारण तिथला पापुद्रा पातळ असतो. दहा वर्षांच्या मुलाचा हात धरा, त्याला कितीही राग आला तरी. चपला नकोत, जाड तळव्याचे जुने बूट घाला. स्वस्त बुटांचे चिकटवलेले तळवे इथे सुटताना पाहिलेत.

वास सडक्या अंड्यांचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा. कोणाला दमा असेल तर खाली उतरायचंच नाही. आणि सासूबाईंच्या पायात चांदीची जोडवी असतील किंवा तुमच्या कानात चांदी, तर ती आधी काढून डबीत ठेवा. याच वायूने चांदी काळवंडते, आणि मग सुट्टीभर रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासत बसावं लागतं.

दंतकथा मुलांना बोटीवरच सांगा, कारण नेपथ्य तिथेच आहे. देव आणि दैत्यांचं युद्ध चाललं होतं. पोलिबोटीस नावाचा दैत्य समुद्रातून पळाला, समुद्रदेव पोसायडन त्याच्या मागे. कोसपाशी पोहोचल्यावर देवाने आपल्या त्रिशूळाने कोसचा एक लचका तोडला आणि त्याच्या अंगावर फेकला. तो लचका म्हणजे निसिरोस. दैत्य खाली गाडला गेला तो मेला नाही, अजून कण्हतो, फुत्कारतो, कूस बदलतो. पोसायडन हाच भूकंपाचाही देव, त्यामुळे प्राचीन ग्रीकांना हा हिशेब अगदी पटणारा होता. गंमत म्हणजे त्या काळीही सगळ्यांचं एकमत नव्हतं. स्ट्रॅबो हा दोन हजार वर्षांपूर्वीचा भूगोलकार ही कथा देतो आणि लगेच पुढे म्हणतो की काहींच्या मते दैत्य कोसच्या खालीच पडलेला आहे.

माझ्या गटांतल्या मुलांना मी याच्या पुढचा भाग सांगते, आणि त्यांना तो जास्त आवडतो. सुमारे १ लाख ६१ हजार वर्षांपूर्वी कोस आणि निसिरोसच्या मधल्या पट्ट्यात एक महाभयंकर उद्रेक झाला. त्याची राख आणि प्युमिस, म्हणजे छिद्राछिद्रांचा हलका ज्वालामुखी दगड, कोसच्या पश्चिम भागावर थरांनी साचली, काही ठिकाणी तीसेक मीटर जाडीची. तुम्ही कोसला कार्दामेना किंवा केफालोसच्या बाजूला फिरलात तर रस्त्याकडेला फिकट, भुसभुशीत कडे दिसतील. ते हेच. निसिरोसचा डोंगर आज दिसतो तसा त्यानंतरच्या काळात घडला. म्हणजे कथेत कोसचा तुकडा इकडे येऊन पडतो, आणि प्रत्यक्षात इकडचा मालमसाला कोसवर जाऊन पडला होता. कथा रचणाऱ्यांना दोन बेटांचं काहीतरी नातं आहे हे मात्र बरोबर उमगलं होतं, फक्त फेकाफेकीची दिशा उलटी.

कार्दामेनाहून येताना वाटेत याली नावाचं छोटं बेट लागतं. त्याची एक बाजू पांढरीफटक कापलेली दिसते, ती प्युमिसची खाण. दुसऱ्या बाजूला ऑब्सिडियन, म्हणजे काळी ज्वालामुखी काच. निसिरोसच्या किनाऱ्यावर प्युमिसचे खडे सहज सापडतात. मुलाला एक उचलून पाण्यात टाकायला सांगा. दगड तरंगतो. मुलांना विवरापेक्षा हेच जास्त दिवस लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

आता गावं. पहिलं निकिया, आग्नेयेच्या कड्यावर, साधारण चारशे मीटर उंचीवर. विवर बघायच्या आधी इथे जा, नंतर नको. घरांच्या मागे गेलं की एकदम पायाखालचा सगळा कॅल्डेरा उघडतो, आणि आदल्या संध्याकाळी तो नकाशासारखा पाहिलेला असला की दुसऱ्या दिवशी तळाशी उभं राहिल्यावर आपण नक्की कुठे आहोत ते कळतं. गावच्या शाळेच्या जुन्या इमारतीत २००८ पासून ज्वालामुखीचं संग्रहालय आहे. लहानसंच, अर्ध्या तासाचं, पण मुलांसाठी घ्याच. तिथून पोर्ता नावाच्या चौकात जा. चौक म्हणायचा, पण तो चौकोनी नाही, बराचसा गोल आहे. फरशी काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीची, एका बाजूला चर्च, भोवती पांढरी घरं आणि त्यांच्यासमोर खुर्च्या. बस थांबते तिथून चौकापर्यंत थोडी चढ-उतार आहे, सासूबाई काठी घेऊन सावकाश येऊ शकतील. निकियाहून विवरात उतरणारी पायवाटही आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चालायची हौस असेल तर एका पालकाने त्याच्याबरोबर ती उतरावी, बाकीच्यांनी गाडीने खाली यावं.

एम्बोरिओस उत्तरेच्या कड्यावर. १९३३ च्या भूकंपानंतर इथली माणसं खाली पाली गावात उतरली (अष्टविनायकातली नव्हे, हीही एक पाली आहे) आणि गाव ओस पडलं. आता काही घरं दुरुस्त होताहेत, बाकी छप्पर नसलेल्या भिंती आणि त्यांतून वाढलेली अंजिरं. गावाच्या तोंडाशी एक लहानशी गुहा आहे, तिच्यातून जमिनीतली गरम हवा येते. तिला तिथे सौना म्हणतात. आत पाच मिनिटं बसलं की घामाने निथळतो माणूस. सासूबाईंच्या गुडघ्यांना शेक म्हणून बरं वाटेल, पण रक्तदाबाचा त्रास असेल तर दारातूनच नमस्कार करावा. दुपारचं जेवण याच गावात करा. कॅल्डेऱ्यावर उघडणारा सज्जा असलेलं खाणावळीचं टेबल मिळालं तर तासभर उठायचं नाही.

आणि मंद्राकी, जिथे तुम्ही राहाल. लोक याला बंदर समजून पुढे पळतात. मला विचाराल तर बेटावरची सर्वांत चांगली दोन ठिकाणं इथूनच चालत जाण्यासारखी आहेत. एक पानागिया स्पिलियानी, समुद्राच्या कड्यावर, सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाने, १४व्या शतकात बांधलेल्या किल्ल्याच्या अवशेषांत, गुहेतलं मेरीमातेचं चर्च. सांगतात की मूर्ती, म्हणजे लाकडावर रंगवलेली मेरीची प्रतिमा, गुहेत सापडली. खालच्या चर्चमध्ये नेऊन ठेवली की ती सकाळी पुन्हा गुहेतच. शेवटी लोकांनी हट्ट सोडला आणि तिला तिथेच ठेवलं. आपल्याकडे असा देव ज्या गावात नाही असं गाव शोधावं लागेल, त्यामुळे सासूबाईंना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. वर जायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. सकाळी, थांबत थांबत, कठडा धरून जमतील असं वाटलं तरच चढाव्या. इथली मोठी जत्रा १५ ऑगस्टची. आधीचे नऊ दिवस काळ्या वस्त्रांतल्या बायका उपास करतात, मंदिरातच राहतात, रोज शेकडो साष्टांग नमस्कार घालतात. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या अस्टोरियात स्थायिक झालेले निसिरोसकर गणपतीला कोकणात चाकरमानी येतात तसे गावी येतात आणि बेटावर खोली मिळत नाही. तुम्ही सप्टेंबरात आहात, त्यामुळे जत्राही नाही आणि गर्दीही नाही. महिन्याच्या शेवटी जात असता तर २५ सप्टेंबरची संध्याकाळ निकियाजवळच्या सेंट जॉनच्या मठात घालवायला सांगितली असती.

दुसरं ठिकाण पालिओकास्त्रो. मंद्राकीच्या वरच्या अंगाला, पायी वीस-पंचवीस मिनिटं, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला कोट. घरांएवढ्या नव्हे पण कपाटांएवढ्या काळ्या ज्वालामुखी दगडांच्या भिंती, चुना नाही, माती नाही, दगडाला दगड असा घासून बसवलेला की सांध्यात सुरी जाणार नाही. गड-किल्ले फिरणाऱ्या मराठी माणसाचा हात आपोआप त्या दगडावरून फिरतो. दरवाजाजवळ भिंतीवर एक शिलालेख कोरलेला आहे, त्याचा अर्थ असा: भिंतीपासून पाच फुटांपर्यंतची जागा सार्वजनिक आहे. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी कोटाला टेकून पत्र्याची शेड टाकू नका असं बजावणारी नगरपालिका होती, हे वाचून मला दर वेळी बरं वाटतं. हाच दगड जात्यांसाठीही प्रसिद्ध होता. निसिरोसची जाती शेजारच्या बेटांवर जात, हे स्ट्रॅबोनेही नोंदवलंय. इथे तिकीट नाही, पहारेकरी नाही, सावलीही नाही. पाणी बरोबर घ्या आणि उन्हं उतरल्यावर जा.

संध्याकाळी इलिकिओमेनी चौकात या. मोठ्या फायकसच्या झाडांखाली टेबलं मांडलेली असतात, गावातली पोरं सायकली फिरवत असतात, म्हाताऱ्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या. सासूबाई कुठे जाऊ शकतील याची तुम्ही काळजी करताय, पण बहुधा त्यांचा सर्वांत जास्त वेळ मजेत इथेच जाईल.

किनाऱ्यांबद्दल तुम्ही वाचलंय ते अर्धं खरं आहे. पांढरी वाळू आणि रांगेने छत्र्या हव्या असतील तर ते कोसला भरपूर आहे, तिथेच करून घ्या. निसिरोसचे किनारे त्याच्या दगडाने ठरवलेत. स्पिलियानीच्या कड्याखालून समुद्राकाठी बांधलेली पायवाट आहे, तिने गेलं की खोखलाकी लागतो: वाळूचा कण नाही, सगळे काळे गुळगुळीत गोटे, नारळाएवढे नि लिंबाएवढे. लाट परतताना ते एकमेकांवर खडखडतात. पोहायला अवघड, विशेषतः वारा असेल तेव्हा, पण सूर्यास्त बघायला याहून छान जागा मिळायची नाही. मुलांना डुंबायचं असेल तर पाली. लहानसं कोळी बंदर, शेजारी काळसर वाळूचा उथळ किनारा, झाडांची सावली, दोन पावलांवर जेवण. पालीच्या पुढे रस्ता संपतो तिथे लिएस, आणि तिथून टेकाड ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चाललं की पाखिया अमोस, लालसर-काळ्या वाळूचा लांबरुंद किनारा. तिथे ना छत्री, ना दुकान, आणि काही मंडळी कपड्यांविना पोहतात. सासूबाईंना घेऊन जाण्याआधी हे माहीत असलेलं बरं. काळी वाळू दुपारी चटके देते, पायात काहीतरी घाला.

शाकाहाराची चिंता करू नका. इथली खासियत म्हणजे पित्थिया, काबुली चण्याची तळलेली भजी, आणि ती जवळजवळ प्रत्येक खाणावळीत मिळतात. केपर नावाच्या झुडपाच्या पाल्याची कोशिंबीर, वांगी, फावा नावाचं घट्ट वरण, चीज, अंजीर, भाकरीसारखा जाड पाव. बुकुन्येस नावाचा पदार्थ मात्र डुकराच्या मांसाचा आहे, तो टाळा. मासळी खाणाऱ्यांनी पालीत जेवावं. बदामापासून केलेलं सुमादा हे थंड पेय सगळ्यांसाठी, थोडं पाणी जास्त घालून मागा, नाहीतर फार गोड लागतं. पाणी बाटलीचंच प्या. बेटावर गोड्या पाण्याचे झरे नसल्यासारखेच आहेत. पूर्वी घरोघरी पावसाचं पाणी टाक्यांत साठवत.

मग दोन रात्री अशा मांडा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून जेवण, झोप, आणि चारनंतर निकिया. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी विवर, तिथून एम्बोरिओसला सौना आणि जेवण, दुपारी पाली, रात्री चौक. तिसऱ्या दिवशी सकाळी स्पिलियानी, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पालिओकास्त्रोही, आणि मग बोट. पालिओकास्त्रो उन्हात नको म्हणाल तर पहिल्या दिवशीच्या झोपेला कात्री लावा.

बस आहे, पण दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या, आणि सप्टेंबरात वेळापत्रक बदलतं. पाच जणांसाठी एक दिवस गाडी भाड्याने घेणं सोयीचं. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या. रस्ते अरुंद आणि कड्याच्या धारेवरचे आहेत, घाटात गाडी चालवायची सवय असेल त्यानेच चालवावी. मुक्कामासाठी शक्यतो कार्दामेनाहून सुटणारी बोट बघा. विमानतळ त्याच बाजूला आहे आणि समुद्रात तासभरच जातो. सहलीच्या बोटीवर एकेरी तिकीट मिळतं का, हे धक्क्यावर विचारून घ्यावं. थोडी रोख जवळ ठेवा, कड्यावरच्या गावांत एटीएमच्या भरवशावर राहू नका.

व्हिसाचं एक: कोससमोर तुर्कस्तानचं बोद्रुम आहे आणि एका दिवसाच्या बोटी मोहात पाडतात. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिकडे गेलेल्याला परत कोसला येता येणार नाही. शिवाय तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा. मुंबईत अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागून बघा, नाहीतर बोद्रुम यादीतून काढा.

निसिरोसच्या रात्री कोसच्या मुक्कामाच्या मधोमध घ्या, शेवटी नको. वाऱ्याने बोट अडकली तर हाताशी एक दिवस राहतो आणि विमान चुकत नाही. मंद्राकीत खोली ठरवताना सासूबाईंसाठी दोनच गोष्टी लेखी विचारून घ्या: दारापर्यंत पायऱ्या किती, आणि गाडी कुठवर येते. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की शेवटचा टप्पा बॅगा उचलूनच न्याव्या लागतात, आणि गोट्यांच्या फरशीवर बॅगेची चाकं टिकत नाहीत.